दगड थोरल्याला, माती धाकटीला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बासष्ट, धंदा दगडाची खाण, राहणार खाणीच्या दक्षिणेचं तीन खोल्यांचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुषीने लिहीत आहे. कोणी गळ घातली म्हणून नाही आणि कोणी भीती घातली म्हणूनही नाही. डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे, तो सोबत जोडला आहे. छाती मात्र ठिकाणावर नाही. अडतीस वर्षं दगडाची पूड आत गेली, ती आता बाहेर यायला तयार नाही. डॉक्टर म्हणाले, एक वर्ष, फार तर दीड. मी म्हटलं, तेवढ्यात लिहून होईल.

याआधी मी दोन मृत्युपत्रं केली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. पहिलं यजमान गेले त्या महिन्यात रडत लिहिलं होतं, दुसरं थोरल्यावर चिडून. हे तिसरं सकाळचा चहा झाल्यावर, चष्मा पुसून, खाणीच्या कार्यालयातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. वकिलांनी मसुदा करून दिला होता. तो चांगला होता, पण त्यात मी कुठेच नव्हते, म्हणून बाजूला ठेवला. त्यांनी राग मानू नये.

कलम १. खाण आणि तिचा बेत

खाण म्हणजे एक मोठा खड्डा, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. आमची खाण पाच पट्ट्यांची आहे. त्यांना आम्ही टप्पे म्हणतो. एका वेळी एकच टप्पा उघडायचा, त्यातला दगड काढायचा, आणि पुढच्या टप्प्याची वरची माती काढली की ती साठवत न बसता मागच्या टप्प्याच्या तळावर पसरायची. म्हणजे पुढे खाण आणि मागे हिरवळ, अशी ही टेकडी हळूहळू सरकत जाते. पाण्याचंही तसंच. माथ्यावर चर खणला आहे, त्यामुळे वरून येणारं स्वच्छ पाणी खाणीत शिरतच नाही, बाजूने ओढ्याला जातं. खाणीत पडलेलं पाणी गढूळ असतं. ते तळाच्या उताराने निवळण-तळ्यांत जातं, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. गाळ खाली बसला की मग ओढा. ओढ्याच्या खाली लोकांच्या विहिरी आहेत, हे विसरून चालत नाही. एकदा विसरलो होतो, ते पुढे येईल.

आजची स्थिती अशी. पहिला टप्पा उजाड आहे. दुसऱ्यावर धाकटीची रोपवाटिका आहे. तिसऱ्यात तळं आहे, बदकं येतात, सुट्टीच्या दिवशी माणसंही येतात आणि शेंगांची टरफलं टाकून जातात. चौथ्याचा दगड संपत आला आहे, तळ उघडाबोडका आहे, उतारही अजून धड नाही. पाचव्याला हात लावलेला नाही. तिथे झाडं आहेत.

थोरल्याला पाचवा टप्पा याच वर्षी उघडायचा आहे. नव्या रस्त्याला खडी हवी आहे आणि चाळीस माणसांची चूल या खाणीवर पेटते, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण चौथ्याचा तळ तयार नसताना पाचव्याची माती काढली, तर ती ठेवायची कुठे? ढीग घालून ठेवली तर आतून गुदमरून मरते. मग चौथाही उजाड राहील आणि पाचवाही, आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळं खाली जाईल. हे मृत्युपत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच आहे. घर आणि भांडीकुंडी माणसं वाटून घेतातच, भांडून का होईना.

कलम २. एक जुनी गोष्ट, जी मी कोणाला सांगितली नाही

पहिला टप्पा उजाड का, हे खाणीवर सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. भोंग्याने माती केली, असं म्हणतात. भोंगा म्हणजे आमचा मुकादम. सुरुंग लावायच्या आधी वाजणारा भोंगा बिघडला की हाच ओरडतो, आणि फरक कळत नाही, म्हणून ते नाव पडलं. अडतीस वर्षांपूर्वी तो आमच्याकडे बुलडोझर चालवायचा.

तेव्हा मी या घरात नवीन होते. सासरे हयात होते. स्वयंपाक मला धड येत नव्हता, आणि घरात माझं एकच कौतुक होतं, माझं अक्षर. पाहुणे आले की सासरे माझ्या हातची पत्रं दाखवायचे. खाण सुरू करायची ठरली तेव्हा यजमानांनी कच्च्या कागदावर कामाचा क्रम लिहिला आणि म्हणाले, "हे जरा नीट उतरवून दे, कार्यालयात लावायचंय." त्यात एका ठिकाणी दोन ओळी होत्या. वरची हातभर माती वेगळी काढून कडेला रचणे. त्याखालचा कचरा ओढ्याकडच्या खड्ड्यात टाकून दाबणे.

खाणीवर दगडाच्या वर जे जे असतं त्याला कचरा म्हणायची पद्धत आहे. माती, मुरूम, मुळं, सगळा कचरा. माझं पान संपत आलं होतं. दोन ओळी घातल्या असत्या तर शेवटचा मजकूर मागच्या पानावर गेला असता आणि पान वाईट दिसलं असतं. म्हणून मी दोन ओळींची एक केली: दगडावरील सर्व कचऱ्याची ओढ्याकडे विल्हेवाट लावणे. अक्षर मोत्यासारखं आलं होतं. मी ते खिळ्याला लावलं.

हे खडी फोडायचा क्रशर बघायला आठवडाभर परगावी गेले. भोंग्याने काम सुरू करण्याआधी कागद एकेक अक्षर लावत वाचला आणि आमच्या दारात आला. "वहिनी, सगळंच? काळी मातीपण?"

मी कणीक मळत होते. म्हटलं, "लिहिलंय तसं कर."

चार दिवसांत त्याने हातभर काळी माती ओढ्याच्या काठी ढकलली. पाचव्या दिवशी असा पाऊस झाला की ओढ्याखालच्या शाळामास्तरांच्या विहिरीत आणि लिंबाच्या बागेत गुडघाभर चिखल. झाडं गेली. विहीर तीन वर्षं पिण्यालायक नव्हती. हे परत आले ते आग होऊनच. भोंग्याला सगळ्यांदेखत वाटेल ते बोलले. भोंग्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चुकलं माझं." त्याला सहा महिने काम नव्हतं. खिळ्यावरचा कागद मी त्याच दुपारी काढला होता.

मी तेव्हा बोलले नाही. पुढे हे गेले, तेव्हाही बोलले नाही. माझ्या तोंडाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याच हातात होती. तो कागद आणि यजमानांचा कच्चा कागद, दोन्ही या मृत्युपत्राला जोडले आहेत. चूक माझी होती. भोंग्याने माती केली, असं यापुढे कोणी म्हणू नये.

कलम ३. विल्हेवाट या शब्दाबद्दल

वकिलांच्या मसुद्यात तो शब्द सात वेळा होता. माझ्या मिळकतीची विल्हेवाट, दागिन्यांची विल्हेवाट. तोच शब्द माझ्या त्या कागदावर होता. म्हणून खुलासा करते.

दुसरा टप्पा उघडायचा तेव्हा खाणीचे कागद मीच करत होते, आणि मास्तरांची हरकत नसल्याचं पत्र लागत होतं. ते मला पाण्यात पाहत होते, आणि पाणी गढूळ होतं ते माझ्यामुळे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी कामाचा आराखडा पाठवला. तो आठ दिवसांनी परत आला. सही नव्हती, पण लाल शाईने शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या होत्या. आणि विल्हेवाट या शब्दाखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं: "विल्हेस लावणे म्हणजे ज्या त्या वस्तूला तिच्या जागी लावणे. फेकून देणे नव्हे. शाळेत कोणी शिकवलं नाही काय?"

मला इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. मग पाटी घेऊन बसले आणि दगडाच्या वरच्या एकेका थराची जागा लिहीत गेले. काळी माती कुठे, मुरूम कुठे, मुळं कुठे, गाळ कुठे, पावसाचं पाणी कुठे. टप्प्यांचा सगळा बेत त्या पाटीवरून झाला. लोक म्हणतात, बाईंनी कुठून शिकून घेतलं? लाल शाईतून. मास्तरांनी हरकत नसल्याचं पत्र चौथ्या वेळी दिलं, तेही एक काना कमी आहे असं सांगून.

तेव्हा या मृत्युपत्रात विल्हेवाट म्हणजे ज्याची त्याची जागा. दुसरा अर्थ कोणी काढू नये.

कलम ४. दगड

चौथ्या आणि पाचव्या टप्प्यातला सर्व दगड, क्रशर, पोकलेन, दोन्ही डंपर, सुरुंगाचा परवाना आणि खाणीचं कार्यालय, कपाटासकट, मी माझ्या थोरल्या मुलाला देत आहे. दगड थोरल्याला दिला म्हणजे मी त्याला दगड म्हटलं, असा अर्थ त्याच्या बायकोने काढू नये. त्याला दगड कळतो. ठोकून आवाज ऐकतो आणि आत भेग आहे की नाही ते सांगतो, हे त्याच्या वडिलांनाही जमत नव्हतं. घाई त्याच्या नाकावर बसलेली असते, एवढंच.

कलम ५. माती

दुसऱ्या टप्प्यावरची रोपवाटिका, तिसऱ्यात तळं झाल्यामुळे चौथ्याच्या कडेला बुटक्या रांगांत रचलेली सर्व वरची माती, पाचव्या टप्प्याची हातभर वरची माती जिथे आहे तिथे, आणि तिन्ही निवळण-तळ्यांतला गाळ मी माझ्या धाकट्या मुलीला देत आहे. वकील म्हणाले, एकाच जमिनीचा दगड एकाला आणि माती दुसऱ्याला, असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, कायद्याने चालतं का? त्यांनी दोन दिवस पुस्तकं पाहिली आणि म्हणाले, मनाई दिसत नाही.

कारण लिहिते. दोघं चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. धाकटी परगावी गेली असताना थोरल्याने तिच्या मातीच्या रांगांवरून डंपर नेले, जवळचा रस्ता म्हणून. माती चेपली की तिच्यात हवा राहत नाही, मग ती माती राहत नाही, वीट होते. धाकटीने कुदळ मारून दाखवली, कुदळ उडाली. त्या दिवसापासून जे काही बोलायचं ते भोंग्यामार्फत. "दादाला सांगा, पंप बंद आहे." "तिला सांगा, मला दिसतंय." भोंगा हे निरोप ज्या आवाजात पोचवतो, त्यामुळे घरातली भांडणं क्रशरवरच्या माणसांनाही तोंडपाठ आहेत. मला लाज वाटते.

आता थोरल्याला पाचव्याचा दगड काढायचा असेल तर वरची माती धाकटीची आहे, तिला विचारावं लागेल. धाकटीला माती पसरायची असेल तर खालचा तळ थोरल्याचा आहे, त्याला विचारावं लागेल. भोंग्याला विचारून चालणार नाही. यात माझा कपटीपणा आहे असं कोणाला वाटलं तर ते बरोबर आहे.

कलम ६. पूर्वेची पायरी

चौथ्या टप्प्याच्या पूर्वेला न फोडलेल्या दगडाची एक पायरी उभी आहे. नकाशात तिथे माझ्या अक्षरात "कच्चा दगड, उपयोग नाही" असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. दगड पक्का आहे. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः भोक पाडून नमुना पाहिला आणि मुद्दाम तसं लिहून ठेवलं, कारण थोरल्याला कळलं असतं तर आज तिथे पायरी नसती. चौथ्याचा तळ भरून होईपर्यंत चाळीस माणसांना पुरेल एवढं काम त्या पायरीत आहे, जरा दमाने घेतलं तर. रस्त्यालाही खडी मिळेल. थोरल्या, तुझा आवाज चढायच्या आधी लिहिते: हो, तुझ्यापासून लपवलं. नसतं लपवलं तर?

कलम ७. चौथा पूर्ण झाला, हे कोण ठरवणार

चौथ्याच्या तळाला निवळण-तळ्याकडे शंभर हातांना एक हात उतार मिळाला, त्यावर मुरूम, मुरमावर माती, आणि बाहेर जाणारं पाणी स्वच्छ झालं, म्हणजे चौथा पूर्ण. ते झाल्याशिवाय पाचवा उघडू नये. झालं की नाही हे खालचे मास्तर ठरवतील आणि लेखी देतील. थोरल्याने त्याआधी पाचव्याला हात लावला तर दगडही धाकटीचा होईल.

मुलाला धाक घालून जावं लागतं, हे काही सुखाचं नाही.

कलम ८. पहिला टप्पा

हा मी कोणालाच देत नाही, कारण तो अजून द्यायच्या लायकीचा झालेला नाही. गेली नऊ वर्षं निवळण-तळ्यांचा गाळ दर उन्हाळ्यात तिथे नेऊन पसरते आहे. ओढ्याला गेली ती माती परत येणार नाही, पण थेंबाथेंबाने धुपते ती तरी वर न्यावी, म्हणून. लोक हसायचे. गेल्या वर्षी खालच्या कोपऱ्यात हातभर गवत आलं, बैलगाडीएवढ्या जागेत. यंदा ते घराएवढ्या जागेत आहे. मी रोज जाऊन बघते. दोघांनी मिळून गाळ नेत राहावं. गवत पलीकडच्या बांधाला टेकलं की मग हा टप्पा दोघांचा, निम्मा निम्मा.

कलम ९. घर, हत्यारं वगैरे

घर दोघांचं. बँकेत भरावासाठी वेगळी ठेव आहे, ती भरावालाच लावावी, लग्नाकार्याला नाही.

माझी उतार मोजायची दुर्बीण धाकटीला. तिचा डावा स्क्रू फिरवू नये, तो यजमानांनी पाडल्यापासून तसाच आहे आणि मी आकड्यात तेवढं धरून चालते. किती ते डब्याच्या झाकणावर आतून लिहिलं आहे. सपाटी बघायची पाणसळीची नळी थोरल्याला. लहानपणी त्याने तिच्यातून सरबत प्यायलं होतं आणि दोन दिवस चुन्याची चव येते म्हणून रडत होता. आखणीच्या फक्कीची पोती ज्याला लागतील त्याने घ्यावी.

माझ्या धाकट्या दिराला कार्यालयातली डुगडुगणारी खुर्ची. मी पहिला आराखडा भिंतीवर लावला तेव्हा तो म्हणाला होता, "वहिनी, नकाशा काय ताटात वाढणार आहात?" त्याला त्या खुर्चीवर बसून तिसऱ्या टप्प्यातलं तळं बघायला सांगावं. खुर्ची दुरुस्त करू नये.

कलम १०. भोंगा

भोंग्याला काय द्यावं हे मला कळत नव्हतं. सहा महिने आणि अडतीस वर्षं, याच्याबदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. शेवटी ओढ्याकडची तीन खणांची खोली द्यायचं ठरवलं, ज्यात तो राहतोच आहे. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये. भोंग्याने कान टवकारले. "माई, मला साक्षीदार करणार होतात?" मी म्हटलं, विचार होता. तो म्हणाला, "मग खोली राहू दे. सही करतो. खाणीच्या एकाही कागदावर आजवर माझी सही नाही." म्हणून मी खोली त्याच्या नावावर मृत्युपत्राबाहेर, माझ्या हयातीतच करून दिली. परवा कागद झाले. आता तो साक्षीला मोकळा आहे.

कलम ११. मी गेल्यावर

खाण एक दिवस बंद ठेवावी. पावसाळा असेल तर पंप बंद ठेवू नयेत. माथ्यावरचा चर त्या दिवशीही कोणीतरी फिरून बघावा, पानं अडकतात. भाषणं नकोत. माझ्याबद्दल चांगलं बोलायचं असेल तर कलम दोन आधी वाचून मग बोलावं.

पुरवणी, सहीच्या दिवशी सकाळी लिहिलेली

वरचं सगळं मी आज कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवलं. थोरला, धाकटी, मास्तर, डॉक्टर, वकील आणि भोंगा हजर होते. खुर्च्या सहाच होत्या, थोरला खिडकीला टेकून उभा राहिला.

कलम दोन संपलं. मग भोंगा म्हणाला, "माई, एवढं वाचायची काही गरज नव्हती." हे तो हळू म्हणाला. त्याला हळू बोलता येतं, हे आम्हाला आजच कळलं. मास्तर ऐंशीचे आहेत. ते काठी घेऊन उठले, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि भोंग्यापुढे उभे राहिले. अडतीस वर्षांत त्यांनी त्याचा नमस्कार घेतला नव्हता. "मी तुम्हाला पोरांदेखत अडाणी म्हणालो होतो," ते म्हणाले. भोंगा म्हणाला, "होतोच की." मास्तर म्हणाले, "नाही. तुम्ही विचारायला गेला होता." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ते बरोबरच आहे.

पूर्वेच्या पायरीचं वाचलं तेव्हा थोरला खिडकीपासून सुटला. "सहा वर्षं? आई, मी रात्रंदिवस डोक्याला हात लावून बसलोय, माणसांना काय सांगू म्हणून, आणि तुझ्याकडे पायरी होती?" मी म्हटलं, होती. त्याला माझ्यावर ओरडायचा हक्क होता, हे मी इथे लिहून ठेवते.

कलम सातवर मास्तरांनी हरकत घेतली. म्हणाले, "बाई, हे माझ्यावर ठेवू नका. एक तर मी उद्या असेन याचा भरवसा नाही. दुसरं म्हणजे माझा राग अजून गेलेला नाही, आजच्या वाचनाने थोडा वाढलाच आहे. मी तुमच्या मुलाला नापास करत राहीन आणि मला बरं वाटेल. माप असं हवं की जे कोणालाही घेता येईल."

वकील म्हणाले, प्रयोगशाळेचा दाखला लिहू. मास्तर म्हणाले, "दाखले मी आयुष्यभर लिहिले. पेला आणा."

टेबलावर पाण्याचा सरळ काचेचा पेला होता. परवाचा पाऊस झाल्यामुळे चौथ्याचं पाणी आज तिसऱ्या निवळण-तळ्यातून बाहेर पडत आहे. भोंगा जाऊन पेला भरून घेऊन आला. मास्तर म्हणाले, "पाऊस पडून दोन दिवस झाले की बाहेर पडणारं पाणी पेल्यात घ्यायचं आणि पेल्याच्या मागे हाच कागद धरायचा. यांचं अक्षर वाचता आलं तर चौथा पूर्ण. नाही आलं तर नाही. वाचायचं खाणीच्या मालकाने. मी नाही."

थोरल्याने पेला उचलला. दुसऱ्या हाताने पहिलं पान मागे धरून खिडकीच्या उजेडात गेला. गेले आठ महिने हा मुलगा पाचव्याशिवाय दुसरं बोललेला नाही, आणि आता ठरवणारा तोच होता. मला श्वास घ्यायला त्रास होतो, पण तेव्हा झाला तो छातीमुळे नव्हता. तो वाचू लागला. "मी, खाली सही करणारी, वय वर्षे बासष्ट..."

धाकटी म्हणाली, "दादा, ते आत्ताच ऐकलंयस. खालचं वाच."

हे ती भोंग्याला म्हणाली नाही. भोंग्याने निरोप द्यायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

थोरल्याने पेला पानाच्या मधोमध नेला. डोळ्यांजवळ आणला, लांब नेला. खिशातून रुमाल काढून काच बाहेरून पुसली, पुन्हा पाहिलं. त्याला कोणी घाई केली नाही. मग त्याने पेला टेबलावर ठेवला.

"नाही दिसत," तो म्हणाला. "ओळी आहेत एवढं कळतं, अक्षर लागत नाही. अजून नाही झालं."

मग धाकटीकडे वळून म्हणाला, "दोन पावसाळे तरी लागतील. तू माती कधी आणतेस?"

"तू तळ कधी देतोस?" धाकटी म्हणाली. "आणि उतार नीट दे. पाणी मध्ये साचतंय, मी चार महिने सांगतेय."

"मला कुठे सांगितलंस?"

"भोंगाकाकांना सांगितलं होतं."

"ते मला ऐकू आलं होतं," थोरला म्हणाला. "उद्या सकाळी ये. दुर्बीण आण."

यानुसार कलम ७ मधला मास्तरांचा अधिकार मी खोडला आहे आणि त्या जागी पेल्याचं माप लिहिलं आहे. थोरल्याने आधी हात लावला तर दगड जप्त, हे वाक्यही खोडलं आहे. खोडलेल्या दोन्ही जागी तिन्ही साक्षीदारांनी आद्याक्षरं केली आहेत. बाकी मजकूर कायम.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, वाचून, ऐकून आणि ऐकवून करत आहे. दोन पावसाळे म्हटल्यावर मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते कागदात डोकं घालून बसले होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही फार तर दीड वर्ष म्हणालात, त्यात थोडी खाडाखोड करून ठेवा, मला तो पेला बघायचा आहे. ते म्हणाले, प्रयत्न करू.

सही:
(खाणीची मालकीण, स्वहस्ते)

साक्षीदार १. खालचे मास्तर, सेवानिवृत्त, राहणार ओढ्याखालची लिंबाची बाग. आमच्या समक्ष सही झाली.

साक्षीदार २. डॉक्टर. आमच्या समक्ष सही झाली. लिहून देणार सही करताना पूर्ण शुद्धीवर होत्या आणि हसत होत्या.

साक्षीदार ३. मुकादम, राहणार ओढ्याकडची खोली, स्वतःच्या मालकीची. पूर्ण वाचून सही केली.

ठिकाण: खाणीचं कार्यालय
दिनांक: १९ सप्टेंबर, सकाळी साडेअकरा